चुकीच्या जागी थांबणारी बाई

बाई कधीच बरोबर जागी थांबत नसत. गाडी लावायच्या ती भलत्याच ठिकाणी, वाकून बघायच्या ते भलत्याच झाडाखाली, आणि बोट दाखवायचं तर जिथे काहीच नाही तिकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाईला दिशा तरी कळतात का, आणि सरकारने हिला पुरातत्त्वाच्या कामाला नेमलंय! कारण पुढे कळलं, आणि कळल्यापासून मीही तसाच थांबायला लागलो. ती खोड अजून गेलेली नाही. आमची ही म्हणते, तुम्हाला स्वतःच्या ड्राइव्ह-वेमध्येसुद्धा गाडी धड लावता येत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मॅसॅच्युसेट्सच्या रस्तेखात्यात नवा इंजिनिअर होतो. सांगलीहून शिकायला आलो, शिकलो, चिकटलो. श्रूजबरीत भाड्याचं घर, हिला दिवस गेलेले, आणि नोकरी अजून कच्ची. साहेबांच्या मनात आलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील, अशी. त्यात मी मूळचाच भित्रा. लहानपणी कृष्णेच्या घाटावर सगळी पोरं उड्या मारायची तेव्हा मी त्यांचे कपडे सांभाळायचो.

रस्ता करायचा म्हटलं की जमीन उकरण्याआधी तिथे काही जुनं आहे का, हे कोणीतरी बघून घ्यायचं असा नियम होता. ते कोणीतरी म्हणजे या बाई. साठीच्या आसपासच्या, उंच, काटकुळ्या. डोक्यावर पुरुषी हॅट, पायात गमबूट, आणि मागच्या खिशात एक छोटी कुंचली. ऑफिसच्या मीटिंगलाही गमबूट घालूनच यायच्या आणि कार्पेटवर मातीची पावलं उठवत खुर्चीपर्यंत जायच्या. आमचे इंजिनिअर त्यांना ‘हँडब्रेक’ म्हणत. सोन्यानाण्यात बाईंना रस नव्हता. त्यांना आनंद व्हायचा तो जुना उकिरडा सापडला की. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी खाऊन टाकलेले शिंपले, माशांचे काटे, जळकी कवचं. ते हातात घेऊन बाई अशा हसायच्या की जणू माहेरचं कोणी भेटलं. मी घरी हे सांगितलं, तेव्हा हिने लगेच त्यांचं बारसं केलं: उकिरडेबाई.

जमिनीत थापी घालण्याआधी बाई गुडघ्यावर बसायच्या, हॅट काढायच्या आणि मोठ्याने बोलायच्या. मी अमुक, माझ्या आईचं नाव अमुक, मी अमुक गावची, या कामासाठी आले आहे, त्रास दिल्याबद्दल माफ करा. समोर कोणी नाही. नुसतं गवत. आमचे मजूर एकमेकांना कोपर मारून हसायचे. मला मात्र हसू आलं नाही. आपल्याकडे पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सांगायला लावतात ना, गोत्र, नाव, ठिकाण, कशासाठी बसलोय ते, अगदी तसंच होतं ते. बाईंना हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळीतल्या एका आजोबांनी शिकवलं होतं. आजोबा शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. बेसबॉलची टोपी, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं अगदी बेताचं. सगळेच त्यांना आजोबा म्हणत. त्यांना विचारल्याशिवाय बाई एक ढेकूळही हलवत नसत, आणि यावरून आमच्या साहेबांचा आणि बाईंचा दर आठवड्याला खटका उडायचा.

बाईंचं कामच लोकांना सांगण्याचं. शाळांत जायच्या, ग्रंथालयांत स्लाइड दाखवायच्या, म्हाताऱ्यांच्या क्लबात जेवणानंतर भाषण ठोकायच्या. सगळं सांगायच्या. फक्त कुठे, ते नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “तुमच्या पायाखाली. तेव्हा जरा सांभाळून चाला.” लोक हसायचे. बाई हसत नसत.

त्या का हसत नव्हत्या, ते मला एका पावसाळी दुपारी कळलं. आम्ही त्यांच्या ट्रकमध्ये सँडविच खात पाऊस थांबायची वाट बघत होतो. काचांवर वाफ धरलेली. बाई समोर बघतच म्हणाल्या की काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात त्यांना आजोबांच्या टोळीची जुनी थडगी सापडली होती. वर्तमानपत्रवाला आला, त्याने बाईंचा फोटो काढला. बाईंनी जागेचं नाव सांगितलं नाही, नकाशा दाखवला नाही, फार काळजी घेतली. पण फोटोत बाईंच्या मागे लांबवर चर्चचा मनोरा आला होता. तेवढ्यावरून शोधणाऱ्यांनी जागा शोधली. दुसऱ्या आठवड्यात बाई गेल्या तेव्हा थडगी उघडी पडली होती. कवट्या नव्हत्या, गळ्यातले मणी नव्हते. उरलेली हाडं बाजूला फेकलेली, त्यात एका लहान मुलाचीही.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“आजोबांकडे गेले आणि सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं?” बाई म्हणाल्या. “त्यांनी मला कॉफी ओतून दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं.”

मी उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. तेव्हापासून बाई चुकीच्या जागी थांबत होत्या, कारण कोण कुठून बघत असेल याचा नेम नव्हता. आमच्याकडच्या भागात कवट्या आणि मणी विकण्यासाठी थडगी उकरणारे लोक होते. हातात लांब पोलादी सळई घेऊन फिरायचे, ती जमिनीत खुपसायचे, आणि सळई पोकळ जागी सटकन आत गेली की तिथे खणायचे. आपल्या मेलेल्या माणसाच्या अंगात कोणी सळई खुपसतंय, असं मी क्षणभर मनात आणून बघितलं, आणि पुन्हा कधी आणायचं नाही असं ठरवलं. ते माझ्या हातात राहिलं नाही. गाडी चालवताना मी सारखा आरशात बघायला लागलो. मागे पिकअप ट्रक दिसला की गाडी कडेला घेऊन त्याला पुढे जाऊ द्यायचो.

त्यातच आमचा रस्ता निघाला. दोन गावांना जोडणारा, साधा, दोनपदरी. जमीन सपाट, मधे फक्त एक छोटी टेकडी, टेकडी कसली, उंचवटाच. रस्ता तिच्या पायथ्यातून सरळ जाणार होता. बाईंनी चाचणीचे खड्डे घेतले आणि एका सकाळी खड्ड्यातून वर आल्या त्या हॅट हातात घेऊन. कोणाशी न बोलता लांब एका पाइनच्या झाडापाशी गेल्या, तिथे उगाच वाकल्या, उगाच झेंडी रोवली. मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, “उंचवट्यावर आहेत. बरेच आहेत. तिकडे बघू नकोस.”

आजोबांचा निरोप आला तो एका वाक्याचा. थडग्यांतल्यांना हलवायचं नाही, आणि त्यांच्या अंगावरून ट्रकही जाऊ द्यायचे नाहीत. बाई तो निरोप घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि रस्ता वळवायची परवानगी घेऊनच बाहेर पडल्या. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण बघायची छाती कोणाची?

वळण आखायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून आखलं. गाडीतल्या माणसाच्या हातातली कॉफी हिंदकळणार नाही असं गोल, सुरेख वळण. उंचवट्याला धक्का नाही. रस्त्याच्या मध्यरेषेच्या खुंट्याही ठोकून झाल्या, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

तो माणूस आला तेव्हा भर दुपार होती. मी एकटाच लेव्हलची दुर्बीण लावून मोजत होतो, बाई गावात गेल्या होत्या. हिरवा पिकअप रस्त्याकडेला थांबला. उतरलेला माणूस माझ्याच वयाचा, गोरागोमटा, हसरा. हातात सळई. टेकायला काठी घ्यावी तशी घेतलेली. हवा छान आहे म्हणाला, डोनटचा डबा पुढे केला. मी नको म्हटलं. तुमच्या बाई त्या पाइनपाशी फार घुटमळतात, म्हणाला. मी मनात म्हटलं, वा बाई, फसला! मग तो सावकाश खुंट्यांकडे वळला. एका खुंटीमागे उभा राहून त्याने एक डोळा मिटला आणि पुढच्या सगळ्या खुंट्यांवरून नजर फिरवत नेली.

“जमीन सगळी सपाट,” तो म्हणाला. “मग रस्ता का वळवलात?”

मी नुसता मोजतो, मला काही माहीत नाही, असं कसंबसं म्हटलं. तो हसला, डोनटचा डबा माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि निघून गेला. उंचवट्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. मला त्याचीच भीती वाटली. तोही बाईंसारखाच भलतीकडे बघत होता.

मी गाडी कशी हाकली मला आठवत नाही. बाईंना गावातल्या डायनरमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी काटा खाली ठेवला. “आपण इतके दिवस तोंड मिटून बसलो,” त्या म्हणाल्या, “आणि रस्त्यानेच बोट दाखवलं.” मला ते कसं सुचलं नाही? बाईंना कसं सुचलं नाही? सपाट माळावर एकच वळण, आणि वळणाच्या पोटात एकच उंचवटा. शेंबडं पोरही सांगेल तिथे काहीतरी आहे म्हणून. मनोरा फोटोत आला होता तो चुकून. हे वळण तर आम्ही मुद्दाम काढलं होतं, वर कौतुक करून घेतलं होतं.

त्याच दुपारी बाई मला आजोबांच्या घरी घेऊन गेल्या. आजोबा सरकारी ऑफिसात पाऊल टाकत नसत. बोलणी त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायची. कॉफी ओतली गेली. बाईंनी कप बाजूला सारला. त्यांनी काही लपवलं नाही. दुसऱ्यांदा तेच सांगायला आले, म्हणाल्या. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. टोळीतली माणसं आळीपाळीने पहारा देतील, म्हणाले, पण ते किती दिवस? आपण तिघं मेल्यावर कोण बघणार? रस्ता तर राहणारच. मला तेव्हा तिशीही नव्हती, आणि इथे मेल्यावरचं बोलणं चाललं होतं.

मग अचानक त्यांनी मला विचारलं, “तुझी माणसं कुठे आहेत?”

मला वाटलं, आई, भाऊ असं विचारतायत. ते म्हणाले, तसं नाही, गेलेली माणसं. मी सांगितलं की आमच्यात दहन करतात. वडील गेले तेव्हा मी इथेच होतो, तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भावाने हरिपूरच्या संगमावर अस्थी सोडल्या. नदीत. मागे काही ठेवत नाही आम्ही. इतकं मी हिच्याशीही कधी बोललो नव्हतो.

आजोबांनी मान हलवली. “पाण्यात,” ते म्हणाले. “म्हणजे तुझ्या वडिलांना कोणी उकरून नेऊ शकत नाही. चांगलं आहे.”

चांगलं आहे! वडिलांना शेवटचं बघायला मिळालं नाही म्हणून मी स्वतःला खात होतो, आणि हा म्हातारा माणूस माझा हेवा करत होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो. आणि डोक्यात तेच एक फिरत राहिलं, पाण्यात, पाण्यात. रस्त्याच्या भरावाला माती तर लागणारच होती. ती कुठून तरी खणायचीच होती. त्या भागात पाणी इतकं वर की दोन पुरुष खोल खणलं तर खड्डा आपोआप भरतो.

मी म्हटलं, माती वळणाच्या पोटातूनच काढू. उंचवट्याच्या अलीकडे, रस्ता मूळ जिथून जाणार होता तिथूनच. तिथे तळं होईल. मग येणारा जाणारा म्हणेल, तळं होतं म्हणून रस्ता वळवला. तळ्यामागे काय आहे, कोण विचारतो?

आजोबांनी चष्मा काढून पुसला. त्या जमिनीत कोणी नाही याची आधी खात्री करा, म्हणाले. मग म्हणाले, “आणि मागे पॉयझन आयव्ही लावा. पाण्यात माणूस उतरेल. त्यात नाही उतरणार.”

पॉयझन आयव्ही म्हणजे तिकडची खाजकुइली समजा. तीन पानांचा साळसूद वेल, पण अंगाला लागला की आठवडाभर फोड आणि आग. लोक तो मुळासकट काढायला पैसे देतात. आमच्या बाईंनी तो लावला. तळ्याच्या जागेची ढेकूळन् ढेकूळ त्यांनी टोळीतल्या माणसांबरोबर तपासली, प्रत्येक खड्ड्याआधी हॅट काढून स्वतःचं आणि आईचं नाव सांगितलं, आणि तिथे कोणी नाही याची खात्री झाली तेव्हा कुठे यंत्रं आत सोडली. मातीच्या ट्रकांच्या लांबच्या फेऱ्या वाचतायत हे बघून साहेबांनी खूश होऊन सही केली. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी घडाघडा सगळं ओकलो असतो, इतका घाबरलेला होतो.

आणि मग राज्याच्या पुरातत्त्वज्ञ बाई, हातात दोन दोन मोजे चढवून, ट्रकभर पॉयझन आयव्ही घेऊन उंचवट्याकडे निघाल्या. जाताना तळ्याच्या दुसऱ्या टोकाला थांबल्या, तिथे खोटंच काहीतरी निरखलं, मग पाठीमागून वळसा घालून गेल्या. मी मदतीला येऊ का म्हटलं. तुझ्या घरी बाळ येणार आहे, त्या म्हणाल्या, तू लांब राहा. पुढच्या आठवड्यात मीटिंगला आल्या त्या सुजलेल्या चेहऱ्याने. एक डोळा बंद, ओठ इडलीएवढा. साहेबांनी विचारलं काय झालं. बाई म्हणाल्या, बागकाम. मी टेबलाखाली बघत बसलो, कारण हसलो असतो तर रडूही आलं असतं.

हिरवा पिकअप त्यानंतर दोनदा दिसला. एकदा तो माणूस अर्ध्या भरलेल्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. तो पाण्याकडेच बघत होता की पलीकडे, मला आजतागायत माहीत नाही. त्या दिवसांत मला झोप लागायची नाही. हिला वाटायचं बाळंतपणाची काळजी. तीही होतीच. तळं भरलं, काठाला पाणकणसं उगवली, रस्ता सुरू झाला, आमची मुलगी चालायला लागली, आणि उंचवट्यावरची माती कोणी हलवली नाही. आजोबा गेले. मग पुष्कळ वर्षांनी बाईही गेल्या. त्यांच्या भाचीने मला कुंचली पाठवून दिली.

मी निवृत्त झालो. त्या रस्त्याने जायचं मी टाळायचो. गेल्या शरद ऋतूत मुलगी गाडी चालवत होती आणि जीपीएसने तिला नेमकं तिथेच नेलं. वळण आलं आणि मी बघितलं तर तळ्याकाठी पिकअप उभा. काठावर एक माणूस, पाठमोरा. हातात लांब, बारीक सळई.

गाडी थांबव म्हटलं. आणि थांबव म्हणता म्हणता म्हटलं, इथे नको, पुढे, त्या झाडापाशी. “बाबा, व्हाय देअर?” ती म्हणाली. “देअर इज नथिंग देअर.” उतरलो आणि मागे चालत गेलो. गुडघे दुखतात आताशा. जाऊन मी करणार काय होतो? सत्तरीचा म्हातारा, हातात काही नाही. पण स्वयंपाकघरात बसलेल्या तिघांपैकी आता मी एकटाच उरलो होतो.

माणूस वळला. चाळिशीतला, दाढीवाला. त्याच्या हातात गळाची काठी होती. बाजूच्या बादलीत दोन मासे.

मी हुश्श केलं असेन बहुधा, कारण त्याने विचारलं, बरे आहात ना? मग आपणहूनच सांगू लागला. लहानपणापासून इथे मासे धरतो. वडील आणायचे. फार जुनं तळं आहे हे, म्हणाला, पूर्वीपासूनचं. रस्तासुद्धा याच्यासाठीच वळवलाय, बघा ना.

“असं का?” मी म्हटलं.

“हो. पण पलीकडे जाऊ नका. सगळं पॉयझन आयव्ही आहे. माझा भाऊ एकदा गेला होता, महिनाभर खाजवत बसला.”

मी नाही जात म्हटलं. पलीकडे बघितलंही नाही. तळ्याच्या भलत्याच टोकाला, जिथे काहीच नाही तिकडे तोंड करून मी थोडा वेळ उभा राहिलो. टोपी काढली. माझं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, सांगलीचा म्हणालो, आणि कशासाठी आलो होतो तेही सांगितलं. मराठीत, अगदी हळू.

गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, त्या माणसाशी काय बोलत होतास? तळ्याची चौकशी केली, मी म्हटलं. तिने गाडी सुरू केली. वळण संपेपर्यंत मी आरशात बघत होतो. मागे कोणी नव्हतं. तरी बघत होतो.